पूर्णवेळ कलावंत व्हायचंय? आधी वही काढा



दिवाळी अंकांत आणि रविवारच्या पुरवण्यांत मोठ्या कलावंतांवर लेख येतात, ते मी आवडीने वाचते. पण बहुतेक लेखांत एक गोष्ट मला खटकते. त्या माणसाचे हाल फार चवीने लिहिलेले असतात. फुटपाथवर झोपला, अर्धपोटी राहिला, विनातिकीट प्रवास केला. मग एकदम पुढच्या परिच्छेदात पुरस्कार आणि शाल-श्रीफळ. मधली पंधरा-वीस वर्षे त्या माणसाने दूधवाल्याचे पैसे कसे दिले, हे कोणी लिहीत नाही. वाचणाऱ्याला वाटते, हाल सोसले म्हणून तो कलावंत झाला.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. नोकरी केली नाही, पण चाळीस वर्षे घरचा जमाखर्च लिहिला आहे आणि नात्यातल्या निम्म्या घरांचा हिशेब माझ्याच टेबलावर येतो. त्या सवयीने मी या गोष्टींकडे पाहते तेव्हा मला वेगळेच दिसते. हालांनी कोणी कलावंत होत नाही. हाल तर आपल्याकडे लाखो लोक सोसतात, त्यातले कितीजण हातात कुंचला घेतात? कलावंत होतो तो सवड मिळाल्यावर. आणि ती सवड कोणीतरी, कुठून तरी, पैसा किंवा धान्य किंवा कागद घालून दिलेली असते. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर नावे बाजूची सगळी पाने आपण वाचतो आणि जमा बाजू उघडतच नाही.

उदाहरणे आपल्याच जवळची घेते.

चित्रकार के. एच. आरा. 1914 मध्ये सिकंदराबादजवळच्या बोलारममध्ये जन्मले. आई लहानपणीच गेली. सातव्या वर्षी घरातून पळून मुंबईला आले. गाड्या धुतल्या, लोकांच्या घरी घरगडी म्हणून राबले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेले. 1942 साली मुंबईत त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन झाले आणि 1947 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला त्यात सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्याबरोबर ते होते. गाडी धुणारा मुलगा इथपर्यंत आला कसा? त्यांची चित्रे रूडी फॉन लेडन या कलासमीक्षकाच्या नजरेस पडली. त्याने ती गांभीर्याने घेतली, लोकांना दाखवली. एका माणसाने दखल घेतली नसती तर त्या हातात कपडा आणि बादलीच राहिली असती.

मकबूल फिदा हुसेन पंढरपूरचे, जन्म 1915. त्यांचीही आई ते अगदी लहान असताना गेली. मुंबईत त्यांनी सिनेमाची मोठमोठी पोस्टरे रंगवली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पुढे काही वर्षे ते एका फर्निचरच्या दुकानासाठी लहान मुलांच्या फर्निचरचे आणि खेळण्यांचे नमुने करत होते, हे फारसे सांगितले जात नाही. म्हणजे घर चालवणारे काम एका हाताने आणि स्वतःचे काम दुसऱ्या हाताने, असे बरेच दिवस चालले. एका रात्रीत सगळे सोडून देऊन ते चित्रकार झाले नाहीत.

डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे यांची गोष्ट तर मन हलवणारी आहे. सातव्या वर्षी आई गेली आणि पोराने बोलणेच टाकले. जे सांगायचे ते धुळीत रेघोट्या ओढून सांगायचा. पुढे याच माणसाने वारली चित्रे जगभर नेली, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. पण धुळीतली रेघ कागदावर कशी आली? 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार सरकारच्या हस्तकलेच्या कामासाठी वारली पाड्यांवर गेले आणि तिथल्या लोकांना त्यांनी कागद आणि रंग दिले. कागद आणि रंग. एवढीच ती मदत, पण ती नसती तर?

आणि भीमसेन जोशी. 1933 साली अकरा वर्षांचा मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून निघाला, रेल्वेत गाणी म्हणत फिरला, ही कथा आपण आपल्या नातवंडांना सांगतो. त्याच्या पुढचा भाग सांगत नाही. कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी तो काही वर्षे राहिला. गुरूच्या घरी पाणी भरले, पडेल ते काम केले, पण तिथे राहायला जागा होती, दोन वेळचे जेवण होते आणि पहाटे तंबोरा होता. सवाई गंधर्व गेल्यावर 1953 पासून पुण्यात त्यांच्या नावाने महोत्सव सुरू झाला. मला तो महोत्सव म्हणजे शिष्याने गुरूचे देणे फेडले असा वाटतो.

आता उलटे उदाहरण. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. तमाशाची सम्राज्ञी म्हणून महाराष्ट्राने तिला डोक्यावर घेतले. राष्ट्रपतींच्या हातून गौरव झाला. तिच्या कलेत कमी काय होते? काहीच नाही. हाल कमी सोसले का? बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभी राहिलेली बाई ती. तरीही 2002 मध्ये ती गेली तेव्हा शेवटच्या आजारपणात औषधपाण्यासाठी लोकांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले. आज तिच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देते. पुरस्कार चांगलाच आहे, पण मला विचाराल तर तिला त्याऐवजी म्हातारपणी दरमहा ठरलेली रक्कम आणि दवाखान्याची सोय हवी होती.

हे सगळे आजच का लिहितेय, तर हा प्रश्न आमच्याच घरात येऊन बसला आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. वय एकेचाळीस. तो अकरा वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. सूतगिरणीतली नोकरी, मागे शिल्लक काही नाही. बहिणीने पापड-सांडगे करून आणि लोकांचे कपडे शिवून तीन मुले वाढवली. हा थोरला. पहाटे चारला उठून दूध घालायचा, शाळा सुटल्यावर एका पेंटरकडे दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांच्या नंबरप्लेट रंगवायचा. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दोन्ही परीक्षांत अ श्रेणी. चित्रकलेच्या सरांनी घरी येऊन सांगितले होते, याला आर्टला घाला. पण पाच वर्षांचे शिक्षण, वसतिगृह, रंगांचा खर्च, हे कुठून आणायचे? तो बी.कॉम. झाला आणि एका कार्यालयात कारकून म्हणून लागला. अठरा वर्षे झाली. दोन बहिणींची लग्ने केली, आईचे डोळ्याचे ऑपरेशन केले, घराचे कर्ज गेल्या अक्षय्य तृतीयेला फेडले. ही सगळी वर्षे रात्री दहानंतर आतल्या खोलीत बसून चित्रे काढत राहिला.

आता तो म्हणतो, मावशी, मी नोकरी सोडतो. यापुढे फक्त चित्रे.

घरात दोन तट पडले. बहीण माझ्याशीही नीट बोलत नाही. ती म्हणते, "अक्का, आत्ता कुठं आम्ही दोन घास सुखाचे खातोय. पुन्हा ते दिवस नको मला." तिचा राग मी समजू शकते. बाकीचे नातेवाईक तिला म्हणतात, तू फार घाबरतेस. मी म्हणते, ती घाबरत नाही, तिला माहीत आहे. महिन्याच्या पंचवीस तारखेला पिठाचा डबा रिकामा होणे म्हणजे काय, हे तिने पाहिले आहे, आपण पाहिलेले नाही. अशा आईला "कलेसाठी त्याग करावा लागतो" असे सांगायला जाणाऱ्याने आधी स्वतःचा पगार सोडून दाखवावा.

तरीसुद्धा माझे मत भाच्याच्या बाजूने आहे. का, ते सांगते.

पहिले कारण, त्याने आपली कर्तव्ये पुरी केली आहेत. कर्ज नाही, बहिणी आपापल्या घरी आहेत, आईला छप्पर आहे. जबाबदारी टाकून पळणारा माणूस आणि जबाबदारी फेडून मोकळा झालेला माणूस यांना एकाच मापाने मोजू नये.

दुसरे, "नोकरी सांभाळून कर की" हा सल्ला त्याने अठरा वर्षे पाळला आहे. नोकरी सांभाळून करता येण्याजोगे जे होते ते झाले. ज्या मोठ्या चित्राला सलग दहा-बारा दिवस लागतात, दिवसाचा उजेड लागतो, ते रात्री दहानंतर ट्यूबलाइटखाली होत नाही. खवा आटवताना मध्येच गॅस बंद करून दोन तासांनी पुन्हा लावला तर काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे. आणि एकेचाळिशीत डोळे आणि हात जे करतात ते साठीत करतीलच असे नाही. निवृत्तीनंतर कर म्हणणाऱ्यांनी माझे गुडघे येऊन पाहावेत.

तिसरे कारण आपल्या धर्मातले आहे. आपल्यात कलेला फावल्या वेळचा छंद समजण्याची पद्धत कधी पडली, कोण जाणे. आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी प्रजेला उपजीविकेची सहा कर्मे शिकवली असे सांगितले आहे. असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. शिल्प म्हणजे हाताचे कौशल्य, आणि त्यात चित्रकलाही येते. म्हणजे आपण ज्या वाणिज्याचा एवढा अभिमान धरतो, त्याच्याच मांडीला मांडी लावून शिल्प बसले आहे. शेती करणाऱ्याला आपण "फावल्या वेळात शेती कर" म्हणतो का?

पण मैत्रिणींनो, बाजू घेणे वेगळे आणि टाळ्या वाजवणे वेगळे. मी भाच्याला म्हटले, वही घेऊन ये. दोन संध्याकाळी आम्ही बसलो. जे आकडे निघाले ते त्याच्या परवानगीने देते, कारण अशी वेळ तुमच्यापैकी कोणाच्याही घरी येऊ शकते.

घरखर्च, मुलाच्या शाळेच्या फीसह, महिना 34,000. भाचेसून एका शाळेत काम करते, तिचे 19,000 येतात. तूट 15,000. रंग, कॅनव्हास, फ्रेम, ने-आण यांचे सरासरी 5,000. म्हणजे महिन्याला 20,000 कमी पडणार. एकही चित्र विकले गेले नाही असे धरून दोन वर्षांचे झाले 4,80,000.

आता हातात काय आहे? ठेवी 3,50,000. ग्रॅच्युइटी सुटेल. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000, त्याला 26 ने भागून 15 ने गुणायचे, म्हणजे 15,000, गुणिले अठरा वर्षे, 2,70,000. दोन्ही मिळून 6,20,000. त्यातून वरचे 4,80,000 गेले की 1,40,000 उरतात. कार्यालयाचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जाणार, म्हणून स्वतःचा विमा राजीनाम्याआधीच घ्यायचा, कारण नव्या पॉलिसीत काही आजारांना प्रतीक्षा कालावधी असतो. त्याचे दोन वर्षांचे 40,000. शेवटी अडीअडचणीला एक लाख राहतो. भविष्यनिर्वाह निधीला हात लावायचा नाही. तो म्हातारपणाचा. विठाबाईंचे उदाहरण मी त्याला तिथेच सांगितले.

मग जमेची बाजू. एका चित्राची किंमत 20,000 धरली. गॅलरीतून विकले तर तिसरा हिस्सा गॅलरीचा, काही ठिकाणी निम्मासुद्धा. तिसरा धरला तर 6,667 गेले. साहित्य आणि फ्रेमचे 3,000. हातात 10,333. या चित्राला बारा दिवस लागतात. म्हणजे दिवसाला साधारण साडेआठशे रुपये पडले. आमच्याकडे बांधकामावरच्या चांगल्या गवंड्याची हजेरी याच्या आसपास असते. हा आकडा ऐकून भाचेसुनेने डोळे विस्फारले. मी म्हटले, हे कळणे चांगले. गवंडी सन्मानाने जगतो, आपणही जगू. पण वीस हजारांचे चित्र म्हणजे वीस हजार मिळकत, हा भ्रम पहिल्या दिवशीच जायला हवा.

महिन्याला एक चित्रही विकले जाईलच याची खात्री नाही. म्हणून तिसरा आधार. संध्याकाळी दीड तास ग्रेड परीक्षेच्या मुलांचा वर्ग घ्यायचा. बारा मुले, प्रत्येकी 600, म्हणजे 7,200. तूट राहते 7,800. आता महिन्याला एक चित्र विकले तरी घर चालते आणि ठेव शाबूत राहते. काही जण म्हणाले, शिकवणी घ्यायची तर मग पूर्णवेळ कलावंत कसला? मला हे पटत नाही. हुसेन खेळण्यांचे नमुने करत होते तेव्हा ते कमी कलावंत होते का? दिवसाचा उजेड आपला राहिला पाहिजे, मग संध्याकाळ विकली तरी हरकत नाही.

आणि दोन वर्षांची मुदत. आजपासून चोविसाव्या महिन्यात पुन्हा वही उघडायची. ठेव एक लाखाच्या खाली जाणार असे दिसले तर अर्धवेळ काम शोधायचे. त्यात हार मानण्याचे काही नाही, व्यापारात आपण दरवर्षी ताळेबंद काढतोच की. आईच्या खोलीचा आणि औषधांचा खर्च मात्र या वहीत धरलेलाच नाही. तो वेगळ्या ठेवीच्या व्याजातून, आणि ती ठेव बहिणीच्या एकटीच्या नावावर. ही अट मी घातली. एका माणसाच्या स्वप्नाची जोखीम दुसऱ्या माणसाच्या म्हातारपणावर टाकू नये.

इथे मला आपल्या पाचव्या अणुव्रताचे फार मोल वाटते. परिग्रह परिमाण. मला किती पुरे, याची मर्यादा माणसाने स्वतः ठरवायची. प्रवचनात आपण ते ऐकतो आणि दागिन्यांच्या नाहीतर साड्यांच्या संख्येपुरते घेतो. पण ते किती व्यवहारी व्रत आहे, हे मला त्या दोन संध्याकाळी पुन्हा जाणवले. ज्या घराला 34,000 पुरतात ते घर एका माणसाला चित्रे काढायला मोकळे करू शकते. ज्या घराला एक लाखही पुरत नाहीत ते घर कधीच कोणाला मोकळे करू शकणार नाही. मर्यादा आपखुशीने घातली तर ती व्रत होते. परिस्थितीने लादली तर ती गरिबी. माझ्या भाच्याने लहानपणी दुसरी भोगली आहे, आता त्याने पहिली निवडायची आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतील, जुनी स्कूटर आणि साधा सदरा. आतून फार फरक आहे.

हा झाला त्यांच्या घराचा हिशेब. आता आपल्या सगळ्यांचा.

श्रवणबेळगोळला भगवान बाहुबलींच्या पायाशी एक शिलालेख आहे. श्री चावुंडराजें करवियलें. मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांपैकी तो एक, म्हणून आपल्याला दुहेरी अभिमान. "करवियलें" म्हणजे करवून घेतले. करवून घेणाऱ्याचे नाव हजार वर्षे राहिले आणि ते योग्यच आहे, कारण त्याच्या द्रव्याशिवाय तो डोंगर डोंगरच राहिला असता. पण ज्यांच्या हातात छिन्नी होती त्यांची नावे त्या लेखात नाहीत. त्या काळी निदान त्यांना काम होते, पोटाला होते. आज आपण काय करतो? नाव तर छापत नाहीच, पैसेही देत नाही.

आपल्याकडच्या कार्यक्रमांत मांडववाल्याला पैसे मिळतात, आचाऱ्याला मिळतात, साउंडवाल्याला आगाऊ द्यावे लागतात. आणि मागचा मोठा पडदा चार रात्री जागून रंगवणाऱ्या मुलाला? श्रीफळ आणि टाळ्या. "घरचंच कार्य आहे, तुझं पुण्य आहे" असे म्हणायचे. माझ्या भाच्याने असे किती पडदे रंगवले याची गणतीच नाही, आणि एकदा तर रंगाचे पैसेही त्यानेच भरले. दान द्यायचे ते आपल्या खिशातून. दुसऱ्याच्या श्रमातून दान करणे हे कुठल्या शास्त्रात बसते?

म्हणून माझ्या काही सूचना आहेत, पटल्या तर घ्या.

नात्यात कोणी चित्रकार, गायक, मूर्तिकार असेल तर त्याला काम सांगताना पहिला प्रश्न विचारा, "याचे किती होतील?" तो नको म्हणाला तरी पाकीट द्या. लग्नात तिसरा मिक्सर आणि पाचवा डिनर सेट देण्यापेक्षा एखादे चित्र विकत घेऊन द्या. ते मुलीच्या भिंतीवर तीस वर्षे राहील.

कलावंतांनीही थोडे कागदपत्र शिकावे. चित्र विकले म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला असे आपोआप होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो लेखी दिल्याशिवाय जात नाही आणि कलावंताच्या हयातीनंतरही साठ वर्षे टिकतो. मूळ चित्र पुढे दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकले गेले तर त्यात चित्रकाराला वाटा मागण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे, जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत. प्रत्येक चित्राची नोंद ठेवावी. आकार, तारीख, कोणाला दिले, कितीला दिले, पावती क्रमांक. भाच्याकडे अठरा वर्षांची चित्रे आहेत आणि एकाचीही नोंद नव्हती. आता भाचेसुनेने वही घातली आहे.

राज्य सरकारची वृद्ध कलावंतांसाठी मासिक मानधनाची योजना आहे. तुमच्या ओळखीत कोणी जुने भजनी, तमाशातले, नाटकातले, चित्रकार असतील तर त्यांचा अर्ज भरून द्या. अर्ज भरणे त्यांना जमत नाही, आपल्याला जमते. अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि मी ते औषधदानाच्या बरोबरीचे मानते.

एक शेवटचा मुद्दा, तो मुद्दाम शेवटी ठेवला. हीच मागणी घरातल्या सुनेने केली असती तर? वारली लग्नचौक मुळात सवासिणी रंगवायच्या. तो बायकांचा मान होता आणि बायकांचे काम होते. ती चित्रे कागदावर आली, त्यांना किंमत आली, तेव्हा पुढे आलेली मोठी नावे बहुतेक पुरुषांची. म्हसेंचे मोठेपण यात जराही कमी होत नाही. पण ज्या घरात मुलासाठी वही उघडली जाते, त्या घरात सुनेसाठीही ती उघडली जावी. माझ्या भाचेसुनेचा पगार या सगळ्या बेताचा पाया आहे. तिने उद्या म्हटले की मला तीन वर्षे गाणे शिकायचे आहे, तर हीच वही, हेच आकडे, हाच विचार. मी भाच्याला हे स्पष्ट सांगितले आहे आणि त्याने मान डोलावली आहे. मी तारीख घालून लिहून ठेवले आहे.

बहीण अजून राजी नाही. राजीनामा मार्चअखेर द्यायचा असे ठरते आहे, पण तिच्या "हो"शिवाय तो देणार नाही असे भाचा म्हणतो, आणि मला ते बरोबर वाटते. तिच्या नावाची ठेव परवा झाली. पावती मी स्वतः नेऊन दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली, तारीख वाचली, व्याजाचा दर विचारला आणि कपाटात ठेवली. चहा केला नाही, पण बस म्हणाली.

तुमच्या घरात असा कोणी असेल, ज्याने आधी सगळ्यांचे केले आणि आता स्वतःचे काही करू म्हणतो, तर त्याला "वेडा आहेस" म्हणू नका आणि "वा वा" म्हणून सोडूनही देऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, महिन्याला किती लागतात? त्याचे अर्धे ओझे तिथेच उतरेल.

जय जिनेंद्र.